धुरपदाबाईच्या मनगटावरची चिंधी

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत सुकलालचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. तो सकाळी नळावर तोंड धुवायला आला की गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला कळायचं, सुकलाल उठला. गडी भांडखोर होता असं मुळीच नाही. गोगलगाय बरी, इतका गरीब. पण उधन्याच्या कापडाच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात त्याची सगळी जवानी गेली होती. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे करावे लागतात. कानांनी हळूहळू रजा घेतली आणि आवाज मात्र चढत गेला. कुजबुजणं म्हणून जी गोष्ट असते ती त्याला येईनाशीच झाली. बायकोने कानाशी हळूच काही सांगितलं तर त्याला ऐकू यायचं नाही, आणि तो स्वतः हळू बोलायला गेला तर भिंतीपलीकडून शेजारची सखुबाई उत्तर द्यायची.

अशा माणसाचा संसार एका खोलीत कसा झाला असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. भिंतीला कान असतात म्हणतात. नवागामच्या भिंतींना तोंडंही होती. धुरपदाबाई दोंडाईच्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आली तेव्हा त्याच खोलीत सुकलालचे दोन भाऊबंदही राहत होते. ते बाहेर ओसरीवजा पट्टीवर निजायचे, एवढाच काय तो आडोसा. एकदा असंच झालं. सुकलाल बायकोला काहीतरी गोड बोलला, त्याच्या हिशेबाने अगदी हळू. सकाळी नळावर सखुबाईने तोंडाला पदर लावून तेच वाक्य धुरपदाबाईला जसंच्या तसं ऐकवलं. पुढे कितीतरी दिवस धुरपदाबाई उन्हं चढल्यावर, नळ मोकळा असताना पाण्याला जायची.

त्यानंतर तिने दंडक घातला की बोलायचंच नाही. पण बोलणं थांबवलं तरी बांगड्या थांबेनात. नव्या नवरीचे हात, कोपरापर्यंत हिरवा चुडा, जरा हललं की किणकिण. सवाष्णीने बांगड्या उतरवायच्या नसतात, हे तर आईने बजावून पाठवलेलं. मग तिने एक युक्ती केली. सुकलाल कामावरून कधी कधी कापडाच्या ताक्याच्या टोकाची फाटकी पट्टी घरी आणायचा, भांडी पुसायला. मळकट पांढरी, हाताला मऊ. तिने त्यातली एक चिंधी फाडून बांगड्यांवरून घट्ट गुंडाळली आणि गाठ मारली. चुडा मुका झाला.

आधी ती दिवा मालवल्यावर बांधायची. पुढे ताटं वाढतानाच बांधू लागली. तिने भाकरी वाढायला हात पुढे केला आणि त्या हाताला चिंधी दिसली की सुकलाल मान खाली घालून भराभर जेवायचा आणि भाऊबंदांना म्हणायचा, जा रे, पान खाऊन या. आणि मन त्याचं असलं तर तो नवी चिंधी आणून गुपचूप तिच्या कुंकवाच्या डबीवर ठेवायचा. ती बांधायची की नाही, हे तिचं. कधी ती बांधायची नाही, अंग दुखत असायचं, मन नसायचं. तोही मग काही विचारायचा नाही. कारखान्यात पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. त्याच मागांवर दोन माणसं, एक दिवसाचा, एक रात्रीचा, आळीपाळीने. सुकलालचा जोडीदार होता लोटू. सुकलालची दिवसपाळी आली की धुरपदाबाई चुलीपाशी गुणगुणायची. तिला स्वतःला ते कळतही नसे.

दोघं भांडायचे नाहीत असं कुणी समजू नये. चांगले भांडायचे. गावी पैसे पाठवण्यावरून, तो मित्रांबरोबर ताडी पिऊन आला म्हणून, ती माहेरच्यांचं फार ऐकते म्हणून. सुकलालचं भांडण तर आख्ख्या गल्लीला फुकटात ऐकायला मिळायचं. पण त्या भांडणाची धुगधुगी चिंधीच्या गाठीपर्यंतच टिकायची. संसार कशावर टिकतो, याची उत्तरं शहाणी माणसं पुष्कळ देतात. कुणी म्हणतं पोरांवर, कुणी म्हणतं सोसण्यावर. धुरपदाबाईला विचारलं असतं आणि तिने खरं सांगायचं मनावर घेतलं असतं, तर तिने नुसतं मनगट पुढे केलं असतं.

भाऊबंद पुढे आपापल्या खोल्या करून गेले. योगराज झाला, वाढला, बापाबरोबर कारखान्यात जाऊ लागला. मग सुरतेत प्लेगची पळापळ झाली. स्टेशनावर मुंगीला शिरायला जागा नाही, गल्लीच्या गल्ली कुलपं लावून गावी गेलेली. योगराजला त्यांनी मामाकडे पाठवून दिलं. शेठने सुकलालला हात जोडले, तू तरी थांब, मागांवर लक्ष ठेव. सुकलाल थांबला, आणि धुरपदाबाई म्हणाली, मग मीही थांबते. माग बंद, सखुबाई गावाला, नळावर चिटपाखरू नाही. सुकलाल दिवसातून एक चक्कर कारखान्याला मारायचा आणि घरी यायचा. त्या दिवसांत तिने चिंधी बांधलीच नाही. कशाला बांधायची? बांगड्या खुशाल वाजल्या. सुकलाल हवं ते हव्या त्या आवाजात बोलला. सगळं शहर मरणाला भ्यालेलं असताना आपल्याला इतकं सुख लागावं, याची धुरपदाबाईला लाज वाटायची. देवापुढे दिवा लावताना ती त्याची माफी मागायची आणि वळून पुन्हा हसायची. चाळिशी ओलांडलेली बाई, पण त्या दिवसांत तिला आरशात पाहावंसं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात योगराजचं लग्न झालं. सून सोनाली सुरतेतच वाढलेली, लिंबायतची. पोरगी गुणी, हसरी, अर्धं गुजराती अर्धं अहिराणी बोलणारी. खोलीत मधोमध साडीचा पडदा लागला. आणि सुकलालच्या डोक्यात त्याच्या बापाची खाट आली.

त्यांच्या गावची रीत अशी की घरात सून आली की सासऱ्याने आपली खाट उचलायची आणि ओट्यावर टाकायची. मग म्हातारा-म्हातारीने वेगळंच निजायचं. कुणी कुणाला सांगत नाही, पण ज्याने खाट उचलली नाही त्याला पारावर चिडवतात. सुकलालच्या बापाने त्याच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खाट ओट्यावर नेली होती. बाहेरची पट्टी मोरीत गेलेली; आता नवागामच्या खोलीला ओटा कुठून आणायचा? सुकलाल लोटूकडे गेला आणि म्हणाला, यापुढे रात्र कायमची माझी, दिवस तुझा. लोटूला काय, आंधळा मागतो एक डोळा. त्या दिवसापासून सुकलाल संध्याकाळी डबा घेऊन जायचा आणि सकाळी येऊन पडद्याआड झोपायचा. आपण मोठं शहाणपण केलं, असं त्याला वाटत होतं. बायकोला त्याने विचारलं नाही. अशा गोष्टी विचारतात थोड्याच?

धुरपदाबाईने पहिले काही आठवडे समजून घेतलं. नवं जोडपं आहे, त्यांना जागा हवी. मग पावसाळा गेला, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. नळावर बायका म्हणायच्या, आता काय धुरपदाबाई, नातू खेळवायचे दिवस तुझे. ती हसून हो म्हणायची आणि भरलेला हंडा उचलताना तिला वाटायचं, आपल्याला कुणीतरी जिवंतपणी माळ्यावर टाकून दिलंय. तिला सुकलालची आठवण यायची, आणि तो तर रोज समोर होता. हे दुःख सांगायचं तरी कुणाला? सांगितलं तर लोक काय म्हणतील, सासू झाली तरी हिला अजून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो असा.

शेवटी थंडीतल्या एका सुट्टीच्या दिवशी तिने धीर केला. योगराज आणि सोनाली संध्याकाळी लिंबायतला जाणार होते. सुकलालला सुट्टी, पण लोटूच्या घरी काही कार्य होतं म्हणून तो एका तासासाठी गोडाचा डबा पोचवायला तिकडे जाणार होता. धुरपदाबाईने चुलीपाशी बसून, किती महिन्यांनी, बांगड्यांवर चिंधी गुंडाळली. गाठ तिने नव्या नवरीच्या घाईने दातांनी आवळली. नेमकी त्याच वेळी सोनाली वेणी घालत पडद्याबाहेर आली.

"आत्या, हातले काय लागनं?"

धुरपदाबाईच्या तोंडून निघून गेलं, तव्याचा चटका बसला. दुसरं सुचणार तरी काय होतं? मग सुकलाल आत आला. तिने डबा त्याच्या हातात दिला, चिंधीचा हात मुद्दाम पुढे ठेवून. त्याने पाहिलं. त्याची नजर त्या चिंधीवर थांबलेली तिला स्पष्ट दिसली. आणि सोनाली, बिचारी भल्या मनाची, सासऱ्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, "मामा, आत्याना हात भाजना."

सुकलालने मान हलवली आणि तो गेला. तासाभराने नाही आला. पोरं लिंबायतहून परतली त्यानंतर तो आला, आणि आल्याआल्या एक मलमाची नळी तिच्या पुढ्यात ठेवली. मलमासाठी तो पार उधन्याच्या दुकानापर्यंत पायी गेला होता.

"हाई मलम लावी ले," तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. "दोन दिनमा बरं व्हई जाई."

भिंतीपलीकडून सखुबाईने विचारलं, कुणाचा हात भाजला गं?

धुरपदाबाईने नळी उचलून कोनाड्यात ठेवली. चिंधी सोडली, घडी केली आणि नळीखाली दडपली. इतक्या वर्षांची खूण माणूस विसरू शकत नाही, तिला वाटलं. तो विसरला नाही. त्याला समजलं आणि त्याने मलम आणून दिलं. म्हणजे, बाई, आता पुरे. तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. त्या रात्री तिला रडूही आलं नाही.

पुढे घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. ती त्याला चहा द्यायची, तो प्यायचा. ती त्याच्या आवडीचा हिरव्या मिरचीचा ठेचा करीनाशी झाली. तो मुकाट्याने वरण-भाकरी खायचा, एकदाही विचारलं नाही. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली तेव्हा तिचा भाऊ भाईदास मुऱ्हाळी म्हणून न्यायला आला. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गातात, पोटभर हसतात आणि परत येतात. धुरपदाबाई सून आल्यापासून गेली नव्हती. भाईदास म्हणाला, आपल्या म्हातारीला दिसत नाही आता, तुझी फार आठवण काढते. म्हातारीचं सगळं भावजय नीट करत होती, तरी धुरपदाबाईला निमित्त पुरेसं होतं. तिने आपली सगळी लुगडी पेटीत भरली, आणि निघताना सुकलालला सांगितलं.

"मी आते मायजवळच राहसू. आठे रांधाले सोनाली शे."

तो नको म्हणेल, चिडेल, निदान का म्हणून विचारेल, एवढी आशा तिला होती. सुकलालने तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

त्या एका शब्दावर ती दोंडाईच्यापर्यंत गाडीच्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. भाईदास शेजारी शेंगा सोलत गावच्या गमती सांगत होता.

माहेरी तिने आईला न्हाऊ घातलं, सांजोऱ्या तळल्या, पितरांची घागर पुजली. पोरीबाळी निंबाला झोका बांधून हाका मारत होत्या, पण तिने नुसते झोके दिले, बसली नाही. आई चाचपडत तिच्या तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, तू बारीक झालीस. आखाजीच्या दिवशी जेवणं होऊन पुरुष ओट्यावर पत्ते खेळायला बसले होते, आणि धुरपदाबाई भावजयीबरोबर भांडी घासत होती, तेव्हा बाहेरून आवाज आला. तो आवाज काही दुसऱ्या कुणाचा असू शकत नव्हता.

"राम राम मंडळी."

पत्ते थांबले. आखाजीला जावई येतात, नाही असं नाही, पण ते नवे, मिसरूड फुटलेले. घरात सून आलेला जावई बायकोमागे सासुरवाडीला आलेला त्या ओट्याने पहिल्यांदाच पाहिला. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसू दाबलं. धुरपदाबाई राखेचे हात घेऊन दारापर्यंत आली. सुकलाल घामाने निथळत उभा होता, कोरा सदरा घालून. आणि त्याच्या उजव्या मनगटाला मळकट पांढरी चिंधी गुंडाळलेली होती. गाठ वेडीवाकडी, एका हाताने आणि दातांनी मारलेली, एक टोक लोंबणारं.

भाईदासने विचारलं, "पाव्हणा, हातले काय व्हयनं?"

सुकलालने दाराकडे पाहिलं. आख्ख्या ओट्याला, झोक्यावरच्या पोरींना आणि पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हात भाजना."

धुरपदाबाई वळून आत गेली आणि तिने पदर तोंडात कोंबला. भावजय घाबरून विचारायला लागली, काय झालं, काय झालं. तिला हसू येत होतं की रडू, हे तिलाच सांगता आलं नसतं.

तिने त्याला जेवायला वाढलं. मग ऊन उतरल्यावर ती भावजयीला म्हणाली, यांना आपली विहीर दाखवून आणते. विहीर सुकलालने वीसदा पाहिली होती. पण सुकलालशी मनातलं बोलायचं तर गावाबाहेर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. विहिरीच्या थारोळ्याच्या दगडी काठावर ती बसली, तो उभाच राहिला.

त्याने सांगितलं ते असं. ती गेली आणि दोन दिवसांनी काड्यापेटी शोधताना त्याचा हात कोनाड्यात गेला. मलमाची नळी निघाली. "टोपीबी उघडेल नव्हती," तो म्हणाला. खाली चिंधी घडी करून ठेवलेली. त्याने सोनालीला विचारलं, आत्याने मलम लावलंच नाही का? सोनाली म्हणाली, भाजलंच कुठे होतं, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी धुणं धुतलं तेव्हा हात स्वच्छ होता. मग पोरीने त्याच्या हातातली चिंधी पाहिली, मलम पाहिलं, लालबुंद झाली आणि रिकामा हंडा घेऊन नळावर पळाली. संध्याकाळी नवऱ्याला सांगून मोकळी झाली की यापुढे दर सुट्टीला दुपारपासून आपण लिंबायतला जायचं, माझ्या आईला करमत नाही.

धुरपदाबाईने कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, कारण आता बोललं नाही तर पुढे कधीच बोलता आलं नसतं, "माले वाटनं, तुम्हले मना कंटाळा उना."

ती खालच्या आवाजात बोलली होती, तरी त्याला कळलं. ओठ पाहून कळलं असेल. मागांवरची माणसं ओठ वाचतात.

"मना बापनी तसंच करं व्हतं," तो म्हणाला. "सून उनी, खाट ओटावर. माले वाटनं, तुलेबी तेच बरं वाटी. तू सासू व्हयनी, तुले लाज येत व्हई." मग आवाज आवरायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. "तुना कंटाळा? रातभर मी मागजवळ उभा राहस नि तुनीच याद येस."

आवरलेला आवाज दोन शेतं ओलांडून गेला. पलीकडे बैल सोडणारा माणूस मान वर करून पाहू लागला. धुरपदाबाईने झटकन उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि ठेवलेला हात लगेच काढला नाही. त्याच्या मिशीतले पांढरे केस तिच्या तळव्याला टोचत होते. या माणसाला विचारायला आपल्यालाही एवढे दिवस लागले, तिच्या मनात आलं. विचारलं असतं तर तो गल्लीभर ओरडून का होईना, खरं तेच बोलला असता.

पण पेटी भरून माहेरी आलेल्या लेकीचं गावाला काय सांगायचं, हे अजून उरलं होतं. दिवेलागणीला दोघं परत आली तेव्हा ओट्यावर पत्ते पुन्हा रंगले होते. भाईदासने सुकलालला बसायला जागा केली आणि बहिणीला ऐकू जाईल असं म्हणाला, ताई तर आता इथेच राहणार म्हणते, म्हातारीजवळ; पाव्हण्यांनी चार दिवस राहून निवांत जावं. मग पुन्हा त्याचं लक्ष त्या मनगटाकडे गेलं. मलम वगैरे लावलंय ना काही, त्याने विचारलं, आमच्याकडे घरात आहे का बघ गं.

भावजय उठू लागली. धुरपदाबाईने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. ती सुकलालजवळ आली, सगळ्यांदेखत त्याचा हात धरला आणि ती वेडीवाकडी गाठ सोडून पुन्हा नीट मारली, घट्ट, वर्षानुवर्षं मारत आली तशी.

"मलम तं नवागामलेच राही गयं," ती भावाला म्हणाली. "सकायनी गाडी धरनी पडी."

आणि ती पेटी भरायला आत गेली.